मेफ्लॉवरवरचे लोक कोणतं स्वातंत्र्य शोधत होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: राजाच्या छळाला कंटाळून धर्मस्वातंत्र्यासाठी जे इंग्रज अमेरिकेत गेले, त्यांनीच चाळीस वर्षांच्या आत बॉस्टनमध्ये क्वेकर पंथाच्या माणसांना फासावर कसं दिलं? मग धर्मस्वातंत्र्याची ती गोष्ट खोटी म्हणायची का? विचारणारे एम.ए.च्या परीक्षेची तयारी करत आहेत आणि त्यांच्या दोन पाठ्यपुस्तकांत दोन वेगळी उत्तरं आहेत. मी अनेक वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवतो आहे आणि हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. गोष्ट खोटी नाही, पण अर्धवट सांगितली जाते. या लोकांना स्वतःच्या पद्धतीने देवाची उपासना करायची मोकळीक हवी होती आणि त्यासाठी त्यांनी घरदार सोडलं, तुरुंग भोगला, समुद्र ओलांडला. प्रत्येकाला आपापल्या पद्धतीने उपासना करू द्यावी, असं मात्र त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. तो विचार न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या या वसाहतींत, रुजवला तो त्यांनी हाकलून दिलेल्या माणसांनी.

आता इंग्लंडपासून सुरुवात करू. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपशी संबंध तोडले आणि इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख राजा झाला. त्यामुळे धर्म आणि राज्य एकाच हाती आलं. राजाने ठरवलेली प्रार्थना नाकारणं म्हणजे राजाला नाकारणं, असा अर्थ झाला. एलिझाबेथच्या काळात, १५५९ च्या कायद्याने, रविवारी चर्चला न जाणाऱ्याला दर खेपेला १२ पेन्स दंड होता. मजुराला तो जड जाई. १५९३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. त्याच वर्षी हेन्री बॅरो, जॉन ग्रीनवूड आणि जॉन पेन्री या तिघांना फाशी झाली. राजाच्या चर्चपासून वेगळं व्हा, असं ते लिहीत आणि सांगत होते.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा, कारण परीक्षेत निम्मे गुण तिथेच जातात. प्युरिटन लोकांना चर्च सुधारायचं होतं: बिशप, झगे, गुडघे टेकणं, क्रॉसची खूण, हे सगळं कॅथलिक अवशेष म्हणून काढून टाकायचं होतं, पण चर्चमध्येच राहून. दुसरा, फार लहान गट म्हणायचा की हे चर्च सुधारण्यापलीकडे गेलं आहे, खऱ्या श्रद्धाळूंनी बाहेर पडून स्वतःची मंडळी उभी करावी. हे विभक्तवादी. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजाने अमेरिकेत जाऊन प्लिमथ वसाहत वसवणारे, ज्यांना पुढे पिल्ग्रिम म्हटलं गेलं, ते या दुसऱ्या गटातले. १६३० मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनला गेलेले पहिल्या गटातले. पुस्तकं बहुधा दोघांना एकाच वाक्यात बसवतात.

विभक्तवाद्यांची ती मंडळी नॉटिंगहॅमशरमधल्या स्क्रूबी या खेड्यातली. गावचा पोस्टमास्तर विल्यम ब्रूस्टर याच्या राहत्या वाड्यात ते जमत. जॉन रॉबिन्सन त्यांचे पाळक झाले. शेजारच्या ऑस्टरफील्डचा विल्यम ब्रॅडफर्ड हा पोरका मुलगा लहान वयातच त्यांच्यात येऊन मिळाला. पुढे तो प्लिमथचा गव्हर्नर झाला आणि आज आपल्याला यातलं बरंचसं ठाऊक आहे ते त्याने लिहून ठेवलं म्हणूनच.

त्यांनी हॉलंडला निघून जायचं ठरवलं. पण परवानगीशिवाय देश सोडणंही गुन्हाच होता. १६०७ मध्ये लिंकनशरच्या बॉस्टन बंदरातून ते निघाले, तर जहाजाच्या कप्तानाने भाडं घेऊन त्यांना सरकारी माणसांच्या ताब्यात दिलं. पैसे शोधण्यासाठी बायकांच्याही अंगावरचे कपडे तपासले गेले. काही जण महिनाभर तुरुंगात राहिले. पुढच्या वर्षी हंबर नदीच्या मुखाजवळून एका डच जहाजाने जायचं ठरलं. बायकामुलं आणि सामान होडीतून आणायचं, पुरुष जमिनीवरून चालत येणार. ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतून बसली. पुरुषांची पहिली तुकडी जहाजावर चढली, एवढ्यात किनाऱ्यावर हत्यारबंद लोक येताना दिसले. कप्तानाने नांगर उचलला आणि शीड फिरवलं. जहाजावरचे पुरुष अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले, त्यांच्या डोळ्यांदेखत बायका आणि रडणारी मुलं मागे राहिली. ते जहाज वादळात सापडून नॉर्वेच्या किनाऱ्याकडे ढकललं गेलं. इकडे त्या बायकांचं काय करावं, हे एकाही न्यायाधीशाला सुचेना. घरं विकून झाली होती, त्यांना परत पाठवणार तरी कुठे? एकाकडून दुसऱ्याकडे फिरवून शेवटी त्यांना सोडून दिलं आणि हळूहळू सगळे हॉलंडला पोचले. हा प्रसंग मी वर्गात पूर्ण सांगतो. छळ हा शब्द वाचून जे कळत नाही, ते त्या चिखलातल्या होडीवरून कळतं.

१६०९ मध्ये ते लायडन शहरात स्थायिक झाले. तिथे त्यांच्या उपासनेला कुणाची आडकाठी नव्हती. म्हणजे धर्मस्वातंत्र्य त्यांना अमेरिकेत जाण्याच्या अकरा वर्षं आधीच मिळालेलं होतं. मग ते निघाले का? ब्रॅडफर्डने कारणं दिली आहेत. शेतकरी माणसांना शहरात कापडाच्या धंद्यात राबावं लागत होतं, मुलं कामाच्या ओझ्याने अकाली वाकत होती. पोरं डच होत चालली होती, काही सैन्यात आणि जहाजांवर निघून जात होती. हॉलंड आणि स्पेन यांच्यातला तह १६२१ ला संपणार होता आणि पुन्हा युद्धाची भीती होती. शिवाय दूरच्या लोकांत ख्रिस्ताचा संदेश न्यायची इच्छाही होती. थोडक्यात, इंग्रज राहून, आपल्या मुलांना आपल्या वळणात वाढवून, आपल्या पद्धतीने देव भजता येईल अशी जागा त्यांना हवी होती. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची किल्ली इथेच आहे. ज्या गावात सर्व पंथ चालतात, तिथे राहून त्यांचं समाधान होत नव्हतं. त्यांना स्वतःचं गाव हवं होतं.

जाण्याआधी त्यांनी पहिल्या जेम्स राजाकडे धर्माच्या मोकळिकीची लेखी हमी मागितली. राजाने शिक्का मारलेला कागद दिला नाही. शांतपणे राहिलात तर आम्ही काणाडोळा करू, एवढंच कळवलं. पैसा लंडनच्या व्यापाऱ्यांनी घातला आणि सात वर्षं सामाईक कमाई करून तो फेडायचा करार झाला. मेफ्लॉवर इंग्लंडमधल्या प्लिमथ बंदरातून सप्टेंबर १६२० मध्ये निघालं तेव्हा त्यावर १०२ प्रवासी होते आणि त्यांतले लायडनच्या मंडळीचे निम्म्याहून कमी. बाकीचे नोकर, कारागीर, नशीब काढायला निघालेली कुटुंबं. जहाज परवान्याच्या हद्दीबाहेर, केप कॉडला लागलं, तेव्हा यांतले काही म्हणू लागले की इथे आमच्यावर हुकूम चालवायचा अधिकार कुणालाच नाही. म्हणून नोव्हेंबरमध्ये जहाजावरच ४१ पुरुषांनी तो प्रसिद्ध करारनामा केला. त्यात देवाचं नाव आहे, राजाशी निष्ठा आहे, मिळून कायदे करण्याचं वचन आहे. धर्मस्वातंत्र्याबद्दल एक शब्दही नाही.

पहिल्या हिवाळ्यात जवळपास निम्मी माणसं मेली. उरलेली तगली ती वाम्पानोआग लोकांमुळे. मॅसासॉइट या त्यांच्या प्रमुखाने १६२१ च्या मार्चमध्ये तह केला, आणि टिस्क्वांटम याने मका कसा लावायचा ते दाखवलं. प्लिमथ वसलं ते याच टिस्क्वांटमच्या गावाच्या जागेवर. त्याला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून नेलं होतं आणि तो परतला तेव्हा साथीने सगळं गाव मरून गेलेलं होतं.

प्लिमथमधला एक छोटा प्रसंग पाहा. १६२१ चा नाताळ. पिल्ग्रिम नाताळ पाळत नसत, कारण बायबलमध्ये त्याला आधार नाही असं त्यांचं मत. ब्रॅडफर्डने नेहमीसारखी सगळ्यांना कामाला हाक दिली. नुकतेच दुसऱ्या जहाजाने आलेले लोक म्हणाले, आजच्या दिवशी काम करणं आमच्या सदसद्विवेकाला पटत नाही. ब्रॅडफर्ड म्हणाला, ठीक, तुम्हाला जास्त समज येईपर्यंत सूट. दुपारी कामावरून परतला तर ही मंडळी रस्त्यात चेंडू खेळत होती. त्याने खेळाचं सामान काढून घेतलं आणि सांगितलं की बाकीचे राबत असताना तुम्ही खेळावं, हे माझ्या विवेकाला पटत नाही. भक्ती म्हणून पाळायचा असेल तर घरात पाळा, रस्त्यावर धिंगाणा चालणार नाही. यात क्रौर्य नाही, थोडी सवलतही आहे. पण गाव कुणाच्या नियमाने चालेल, याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती.

प्लिमथ लहान आणि गरीबच राहिलं. खरं वजन आलं ते मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीला. पहिल्या चार्ल्स राजाने १६२९ मध्ये पार्लमेंट बरखास्त केलं, बिशप लॉडचा वरवंटा फिरू लागला, आणि सुखवस्तू, शिकलेले प्युरिटन निघायच्या तयारीला लागले. त्यांच्या कंपनीच्या सनदेत बैठका इंग्लंडमध्येच भरवाव्यात अशी अट नव्हती. त्यांनी सनद सोबत घेतली आणि कंपनीचा कारभारच समुद्रापार नेला. एका व्यापारी सनदेतून जवळजवळ स्वतंत्र राज्य उभं राहिलं. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉपबरोबर ११ जहाजं गेली, पुढच्या दहा वर्षांत सुमारे वीस हजार माणसं. १६३१ मध्येच ठरलं की मत देण्याचा हक्क फक्त चर्चच्या सभासदांना. आणि सभासद व्हायचं तर आपल्यावर देवकृपा झाल्याची खात्री मंडळीला पटवावी लागे. नॅथॅनिएल वॉर्ड या त्यांच्या पाळकाने पुढे स्पष्ट लिहिलं: इतर पंथांच्या लोकांना आमच्यापासून दूर राहण्याचं पूर्ण स्वातंत्र्य आहे.

हे ढोंग होतं का? मला तसं वाटत नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी देवाशी करार केला होता आणि तो मोडला तर कोप सगळ्या वसाहतीवर होणार होता. चुकीचा उपदेश म्हणजे साथीचा रोग, असं ते मानत. ही समजूत घातक होती, तिने माणसं मारली, आणि ते म्हटलंच पाहिजे. पण दिलेला शब्द मोडला, हा आरोप त्यांच्यावर बसत नाही, कारण तो शब्द त्यांनी दिलेलाच नव्हता.

आता रॉजर विल्यम्स. माझ्या दृष्टीने या प्रश्नाच्या उत्तरातला सर्वांत मोलाचा माणूस. केंब्रिजमध्ये शिकलेला हा तरुण पाळक १६३१ मध्ये बॉस्टनला आला. चर्चने लगेच जागा देऊ केली आणि याने नाकारली, कारण ते इंग्लंडच्या चर्चपासून पुरतं वेगळं झालेलं नव्हतं. म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत हा त्या सगळ्यांपेक्षा कडवा. पुढे तो म्हणू लागला की शब्बाथ (देवासाठी राखलेला विश्रांतीचा दिवस) मोडला, चुकीची पूजा केली, असल्या गोष्टींसाठी शिक्षा देण्याचा अधिकार सरकारला नाही. शिवाय इथली जमीन इथल्या मूळ लोकांची, ती वाटून देणारा इंग्लंडचा राजा कोण? ऑक्टोबर १६३५ मध्ये त्याला हद्दपार केलं. इंग्लंडला परत पाठवायला माणसं येणार हे कळताच जानेवारी १६३६ मध्ये तो बर्फातून निसटला. त्या हिवाळ्यात त्याला आसरा दिला तो मूळ रहिवाशांनी. नॅरागान्सेट प्रमुख कॅनोनिकस आणि मिआन्टोनोमी यांच्याकडून जमीन घेऊन त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं आणि तिथल्या करारात लिहिलं की बहुमताचा निर्णय बंधनकारक, पण फक्त ऐहिक बाबींत. ते दोन-तीन शब्द किती मोठे आहेत, हे मेफ्लॉवरचा करारनामा शेजारी ठेवला की कळतं.

आणि ते कागदावर राहिले नाहीत. १६३८ मध्ये जोशुआ व्हेरिन या रहिवाशाने आपल्या बायकोला विल्यम्सच्या प्रार्थनेला जाऊ दिलं नाही, मारहाणही केली. गावाने त्याचा मताचा हक्क काढून घेतला. कारण नोंदवलं: सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याला आडकाठी केली. नवऱ्याच्या शब्दापुढे बायकोच्या श्रद्धेला जागा आहे, हे सतराव्या शतकात एका खेड्याच्या सभेने ठरवलं. १६५५ च्या एका पत्रात विल्यम्सने आपली भूमिका जहाजाच्या दृष्टांताने मांडली. जहाजावर कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू, तुर्क सगळे आहेत. कप्तानाने दिशा ठरवावी, शिस्त राखावी, बंड करणाऱ्याला शिक्षा करावी. पण कुणालाही जहाजाच्या प्रार्थनेला ओढू नये आणि कुणाची स्वतःची प्रार्थना अडवू नये.

अ‍ॅन हचिन्सन ही बॉस्टनमधली सुईणीचं काम करणारी, बायबल पाठ असलेली बाई. तिच्या घरी प्रवचनांवर चर्चा चाले, आधी बायका येत, मग पुरुषही येऊ लागले. पाळक चुकीचं शिकवतात असं तिचं म्हणणं. नोव्हेंबर १६३७ मध्ये खटला झाला. तिने न्यायाधीशांना बराच वेळ निरुत्तर केलं, पण देव आपल्याशी थेट बोलतो असं म्हणाली आणि तिथे सापडली. तिलाही हद्दपारी. पुढच्या मार्चमध्ये चर्चने तिला बहिष्कृत केलं, तेव्हा सभेतून तिचा हात धरून एकच बाई बाहेर पडली. तिचं नाव मेरी डायर.

हीच मेरी डायर पुढे इंग्लंडला गेली आणि क्वेकर झाली. प्रत्येकाच्या अंतरात देवाचा प्रकाश आहे, पाळकाची गरज नाही, असं क्वेकर मानत आणि ते भर चर्चमध्ये उठून सांगत. १६५६ मध्ये पहिल्या दोन क्वेकर बायका बॉस्टनला उतरल्या तर त्यांची पुस्तकं जाळली, चेटकिणी आहेत का म्हणून अंग तपासलं आणि परत पाठवलं. मग फटके, कान कापणं, आणि १६५८ मध्ये कायदा: हद्दपार क्वेकर परत आला तर मृत्यू. २७ ऑक्टोबर १६५९ ला विल्यम रॉबिन्सन आणि मार्माड्यूक स्टीफन्सन यांना फाशी दिली. मेरीच्याही गळ्यात दोर घातला, तोंडावर रुमाल बांधला आणि मग तिची शिक्षा तहकूब झाल्याचं सांगितलं. तिच्या मुलाने तशी विनंती केली होती. पुढच्या मे महिन्यात ती स्वतःहून परत आली. १ जून १६६० ला शिडीवर उभी असताना तिला पुन्हा विचारलं, घरी जातेस तर जीव वाचेल. ती नाही म्हणाली. १६६१ मध्ये विल्यम लेड्रा यालाही फाशी झाली. त्यानंतर दुसऱ्या चार्ल्स राजाचं पत्र आलं आणि फाशी थांबली. ते पत्र घेऊन आला सेलमहून हद्दपार झालेला एक क्वेकरच, सॅम्युएल शॅटक. फटके मात्र चालूच राहिले.

याच काळात बाकीच्या वसाहतींनी ऱ्होड आयलंडला, म्हणजे प्रॉव्हिडन्स ज्यात होतं त्या वसाहतीला, दम दिला होता की क्वेकरांना हाकला. १६५७ मध्ये त्यांनी उत्तर पाठवलं: आमच्याकडे त्यांना मोकळेपणी बोलू देतात, विरोध फक्त युक्तिवादाने होतो, आणि म्हणूनच इथे यायची त्यांना फारशी इच्छा होत नाही. विल्यम्सला स्वतःला क्वेकरांचा उपदेश मुळीच मान्य नव्हता. १६७२ मध्ये म्हातारपणी होडी वल्हवत तो त्याच वसाहतीतल्या न्यूपोर्टला त्यांच्याशी वाद घालायला गेला. वाद घातला, परत आला, क्वेकर तिथेच राहिले. १६५८ मध्ये न्यूपोर्टला ज्यू कुटुंबंही आली. ऱ्होड आयलंडला मिळालेली दुसऱ्या चार्ल्सची १६६३ ची सनद म्हणते की धर्माबाबतच्या मतभेदासाठी इथे कुणालाही त्रास, शिक्षा किंवा जाब विचारणं होणार नाही.

मेरीलँड आणि पेनसिल्व्हेनिया यांची नोंद उत्तरात हवी, पण थोडक्यात. मेरीलँड कॅथलिक सरदार कॅल्व्हर्ट याची, वस्ती १६३४ पासून. तिथल्या १६४९ च्या कायद्याने येशूवर श्रद्धा असणाऱ्या सर्वांना संरक्षण दिलं, पण त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारणाऱ्याला देहदंड ठेवला. पेनसिल्व्हेनियाची सनद १६८१ ची, क्वेकर विल्यम पेनला मिळालेली, आणि तिथली मोकळीक बरीच रुंद होती.

ज्यांच्या जमिनीवर हे सगळं चाललं, त्यांचं काय? मॅसॅच्युसेट्सच्या शिक्क्यावर एक मूळ रहिवासी "इकडे या, आम्हाला मदत करा" म्हणताना दाखवला होता. १६३७ मध्ये मिस्टिक इथे पेक्वॉट लोकांचं गाव बायकामुलांसकट जाळलं. १६४६ मध्ये कायदा झाला की वसाहतीच्या हद्दीत कुणी मूळ रहिवाशाने आपली पारंपरिक पूजा केली तर दंड. देवपूजेसाठी दंड भरणाऱ्यांच्या मुलांनी हा कायदा केला. पाठ्यपुस्तकात हे वाक्य बहुधा नसतं. तुमच्या उत्तरात ते असू द्या.

आपल्याकडचे दोन धागे खरे आहेत, म्हणून सांगतो. ज्या दुसऱ्या चार्ल्सने ऱ्होड आयलंडला सनद दिली, त्यालाच १६६१ च्या विवाहतहात मुंबई मिळाली आणि त्या तहात मुंबईच्या कॅथलिक रहिवाशांना उपासनेची मोकळीक कबूल केलेली होती. म्हणजे इंग्लंडमध्ये न मिळणारी गोष्ट दूरच्या ठाण्यांवर सोयीसाठी दिली जात होती. दुसरा धागा १८१३ चा. त्या वर्षी मुंबईला उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे, प्युरिटनांच्या वारस मंडळींचे. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. त्यांच्याच अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू केलं, ज्याच्या संपादनात पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक होते.

परीक्षेसाठी एवढंच करा. १६२० आणि १६३० वेगळे लिहा. लायडनची अकरा वर्षं वगळू नका. शासनसंस्था आणि धर्म वेगळे करण्याचं श्रेय देताना प्लिमथचं नाव न लिहिता प्रॉव्हिडन्सचं लिहा. आणि अमेरिकेच्या राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीवर उत्तर संपवू नका, कारण तिने बांधलं ते फक्त काँग्रेसला, म्हणजे केंद्राच्या कायदेमंडळाला. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी कर घेण्याची पद्धत १८३३ पर्यंत चालू होती.